काय गाळले, आणि का? : जुन्या संगणकांसाठी लहान लिनक्स



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला १९६०च्या दशकात लाभले. सर आम्हांला सारांशलेखन शिकवीत. नऊशे शब्दांचा उतारा तीनशे शब्दांत आणावयाचा असे. वही हाती घेतली की लिहिलेला सारांश वाचण्यापूर्वी ते विचारीत, "काय गाळलेस, आणि का?" या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तर वही तशीच परत येई. पुढे मी जन्मभर व्याकरण आणि कोशवाङ्मय शिकविले, परंतु सरांचा हा प्रश्न मला सर्वाधिक उपयोगी पडला तो निवृत्तीनंतर, आणि तोही संगणकाच्या बाबतीत. म्हणून आज भाषेच्या अध्यापकाने संगणकावर बोलण्याचे धाडस केले आहे. आपण ते गोड मानून घ्यावे.

प्रसंग असा घडला. आपल्या शाळेच्या संगणककक्षात दानात मिळालेले सोळा जुने संगणक होते. त्यांवर विंडोज एक्सपी ही प्रणाली होती, आणि तिचा अधिकृत पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. यंत्रे कशीबशी सुरू होत, पण चालत नसत. ती भंगारात द्यावी असे ठरत आले होते. तेवढ्यात दिवाळीच्या सुटीत आपलाच एक माजी विद्यार्थी इंदूरला आला. त्याने काही सीडी आणल्या होत्या, कारण त्यांतील कित्येक यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरूच होत नव्हती. त्या सीडींवर जुन्या यंत्रांसाठी मुद्दाम लहान ठेवलेली एक लिनक्स प्रणाली होती. दोन दिवसांत अकरा यंत्रे चालू झाली. मला मोठ्या कौतुकाने बोलावण्यात आले. मी खुर्चीवर बसलो आणि शाळेच्या हस्तलिखिताची एक फाइल उघडली. पडद्यावर चौकोनांच्या रांगा दिसल्या. इंग्रजी ठीक होते, मराठी मात्र नव्हते.

"सर, आकार लहान ठेवताना देवनागरी गाळलेली दिसते," तो म्हणाला. मी त्याला आपल्या सरांचा प्रश्न विचारला. त्याने उत्तर देण्यास दोन दुपारी घेतल्या. त्या दुपारी मला जे समजले, आणि नंतर पडताळून पाहता जे खरे ठरले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम शब्दार्थ पाहू. लिनक्स हे नाव काटेकोरपणे केवळ गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये ३८६ या प्रोसेसरच्या यंत्रावर लिहिला. यंत्राचे सुटे भाग आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये बसून दोघांचा व्यवहार सांभाळणे, हे कर्नलचे काम. पण केवळ कर्नलने पत्रही लिहिता येत नाही. त्यावर आज्ञावली, खिडक्या दाखविणारी व्यवस्था, लेखनाचे आणि वाचनाचे कार्यक्रम, टंक अशी सामग्री रचावी लागते. ती निवडून, एकत्र बांधून जो संच लोकांच्या हाती दिला जातो त्याला वितरण म्हणतात. वितरणकर्ता हा एका अर्थी संपादक असतो. सामग्री बहुतांशी इतरांची, निवड मात्र त्याची.

ही निवड आटोपशीर ठेवण्याची परंपरा जुनी आहे. एकेकाळी सगळे १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर बसवावे लागे. १९९०च्या दशकाच्या मध्यास ब्रूस पेरेन्स यांना डेबियन या वितरणाची स्थापना आणि यंत्राची दुरुस्ती या दोहोंची साधने एकाच फ्लॉपीत हवी होती. त्यांनी बिझीबॉक्स नावाचा कार्यक्रम लिहिला. त्याची युक्ती आपल्याला सहज कळेल अशी आहे. फाइल उतरवणे, शोधणे, पुसणे, यादी दाखवणे अशा प्रत्येक कामासाठी वेगळा कार्यक्रम ठेवला तर प्रत्येकाचा संसार वेगळा. बिझीबॉक्समध्ये कार्यक्रम एकच, नावे अनेक. ज्या नावाने हाक येईल त्या सोंगात तो उभा राहतो. आपल्याकडचा बहुरूपी हेच करीत असे. आज हा एकटा बहुरूपी तीनशेहून अधिक आज्ञा बजावतो आणि त्याचा आकार साधारण १ एमबीच्या घरात राहतो. यात काय गाळले? प्रत्येक आज्ञेचे क्वचित लागणारे पर्याय. का? कारण शंभरातील नव्वद वेळा त्यांची गरज पडत नाही.

दुसरी युक्ती वैयाकरणांच्या ओळखीची आहे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे व्याकरण बसविले. ते शक्य झाले याचे एक कारण अनुवृत्ती. आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत पुन्हा न उच्चारता तेथे लागू धरावयाचे. संगणकात सामायिक ग्रंथालये असतात त्यांचे तत्त्व हेच. बटण रंगविणे, अक्षर मांडणे, चित्र उलगडणे ही कामे एका ठिकाणी लिहून ठेवावयाची आणि सर्व कार्यक्रमांनी ती तेथून घ्यावयाची. परंतु याला एक अट आहे. सर्व कार्यक्रम एकाच कुळातील ग्रंथालये वापरणारे हवेत. एखादा चांगला पण परक्या कुळातील कार्यक्रम घेतला, तर एका पाहुण्याबरोबर अख्खे वऱ्हाड यावे तशी त्याची सारी ग्रंथालये येतात. म्हणून लहान वितरणाचा कर्ता कार्यक्रमाचा आकार पाहण्याआधी त्याची सोयरीक पाहतो. सर्वांच्या मुळाशी असणारे सी भाषेचे ग्रंथालयही आकाराने कमीअधिक निवडता येते. अल्पाइन लिनक्सने मसल हे लहान ग्रंथालय आणि बिझीबॉक्स एवढ्यावर आपला पाया रचला, आणि तो पाया १० एमबीच्या आत राहतो.

तिसरी युक्ती दाबून भरण्याची. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्स या वितरणाने ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे २ जीबीची सामग्री बसविली. संकुचित फाइल डिस्कवर तशीच राहते आणि लागेल तो भाग वाचताना उलगडला जातो. स्क्वॉशएफएस ही याच प्रकारची व्यवस्था २००९ मध्ये मूळ कर्नलमध्ये आली. मात्र येथे एक देवघेव आहे. जितके घट्ट दाबावे तितके उलगडण्यास प्रोसेसरला कष्ट अधिक. नव्या यंत्राला ते जाणवत नाहीत, पण ज्या जुन्या यंत्रासाठी हा खटाटोप, त्यालाच धाप लागते. म्हणून सर्वांत लहान फाइल करणारी पद्धत जुन्या यंत्राला सर्वांत सोयीची असतेच असे नाही. पपी लिनक्स हे ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले वितरण पुरेशी स्मृती असेल तर आपली सारी प्रणालीच स्मृतीत उचलून घेते, त्यामुळे रखडणाऱ्या जुन्या डिस्कला वारंवार हात लावावा लागत नाही. लहान असण्याचा खरा लाभ तेथे दिसतो.

आता या विषयातील मुख्य पेच सांगतो. लहान ठेवणे आणि जुन्या यंत्रांना आधार देणे या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो, पण त्या परस्परांना विरुद्ध दिशांनी ओढतात. जुनी यंत्रे एका छापाची नसतात. कोणाचे ध्वनिपत्र एका कंपनीचे, कोणाचे जाळ्याचे पत्र दुसऱ्याचे, कोणाचा पडदा तिसऱ्याच घाटाचा. प्रत्येकाला ओळखणारा चालक, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. लिनक्सच्या कर्नलमधील निम्म्याहून अधिक लेखन चालकांचेच आहे. शिवाय अनेक पत्रांना स्वतःची अंतर्गत आज्ञावली पुरवावी लागते, आणि ती सर्व एकत्र ठेवली तर कित्येक शे एमबी होते. गाभ्यातही दुही होते. २००३च्या सुमाराचे काही लॅपटॉप पीएई नावाची स्मृतिविस्ताराची सोय असल्याचे जाहीर करीत नाहीत, म्हणून त्या सोयीसाठी बांधलेला कर्नल त्यांच्यावर सुरूच होत नाही. त्यांना सांभाळावयाचे तर दुसरा कर्नल ठेवणे आले. थोडक्यात, जितक्या म्हाताऱ्यांना घरात घ्यावे तितक्या औषधांच्या बाटल्या वाढतात.

या पेचातून तीन वाटा काढल्या जातात. पहिली, चालक गाभ्यात न कोंबता सुट्या घटकांच्या रूपाने ठेवणे. ते डिस्कवर जागा घेतात, पण यंत्रात जे भाग सापडतील तेवढेच स्मृतीत शिरतात. येथे डिस्कवरचा आकार आणि स्मृतीतला आकार हा भेद ध्यानात घ्यावा. जुन्या यंत्राचा जीव बहुधा दुसऱ्यात अडकलेला असतो. दुसरी वाट थरांची. टायनी कोअर या वितरणाचा मूळ गाभा २० एमबीच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि बाकी सारे ज्याचे त्याने जोडावयाचे. वारीला निघालेला माणूस पडशीत मोजकेच घेतो आणि उरलेले वाटेत मिळवतो, तसे हे आहे. फक्त वाटेत जाळे उपलब्ध असावे लागते, ही त्याची मर्यादा. तिसरी वाट सर्वांत कठोर आहे. ती म्हणजे आकडा आधी ठरविणे.

जॉन अँड्र्यूज यांनी २००३च्या सुमारास सुरू केलेल्या डॅम स्मॉल लिनक्सचा आकडा होता ५० एमबी. भेटपत्राएवढ्या छोट्या सीडीवर मावेल एवढे, आणि चाले ते ४८६ प्रोसेसर व १६ एमबी स्मृतीच्या यंत्रावरही. आकडा ठरला की वाद मिटतात. नवे काही घ्यावयाचे तर जुने काय काढणार, ते आधी सांगावे लागते. सरांच्या वहीचाच न्याय! तेथे खिडक्यांसाठी जेडब्ल्यूएमसारखे अगदी हलके व्यवस्थापक निवडले गेले आणि जीटीके या साधनसंचाची जुनी, पहिली आवृत्ती ठेवली गेली. त्याच अँड्र्यूज यांनी २०२४ मध्ये अँटीएक्स या वितरणाच्या पायावर आपले वितरण पुन्हा काढले तेव्हा आकडा एका सीडीचा, म्हणजे ७०० एमबीचा झाला. आळसामुळे तो चौदापट झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधल्या काळात जग बदलले, आणि मुख्यतः ब्राउझर बदलला. आजचे एकच संकेतस्थळ उघडले तरी कित्येक शे एमबी स्मृती जाऊ शकते. प्रणाली कितीही सडपातळ केली तरी हा भार वितरणकर्त्याच्या हातचा नाही.

काळाचा हा रेटा गाभ्यालाही चुकलेला नाही. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्मला, त्याचाच आधार २०१३च्या फेब्रुवारीत निघालेल्या ३.८ या आवृत्तीतून काढण्यात आला. कारण तांत्रिक होते. ४८६ पासून आलेल्या काही मूलभूत सूचना ३८६ मध्ये नव्हत्या, आणि स्मृतीचे लेखनसंरक्षण गाभ्याच्या स्वतःच्या व्यवहारालाही लावण्याची सोय नव्हती. त्यामुळे इतरत्र केलेल्या प्रत्येक सुधारणेला ३८६ साठी वेगळे ठिगळ लावावे लागे. उबंटूने २०१९ मध्ये ३२-बिट यंत्रांसाठी वितरण थांबविले, आणि डेबियनच्या ऑगस्ट २०२५च्या तेराव्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी स्वतंत्र कर्नल व स्थापनेची सोय राहिली नाही. फायरफॉक्सचा ३२-बिट लिनक्ससाठीचा पाठिंबा २०२६ मध्ये थांबणार, हे मोझिलाने २०२५ मध्ये जाहीर केले. लहान वितरणे बहुधा मोठ्या वितरणांच्या खांद्यावर उभी असतात. खालचा खांदा सरकला की त्यांना पडावे लागते, किंवा सारा भार स्वतः उचलावा लागतो.

दुसरीकडे जुनेपणाची व्याख्याही सरकते आहे. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यापुढील विंडोज ११ ठरावीक पिढीचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० हा सुरक्षाघटक मागते. त्यामुळे कालपरवापर्यंत नीट चालणारी ४ जीबी स्मृतीची ६४-बिट यंत्रेही आता जुन्यांच्या पंक्तीत बसली आहेत. लहान लिनक्सचे खरे कार्यक्षेत्र यापुढे तेच असेल असे मला वाटते. अतिवृद्ध यंत्रांबाबत हट्ट धरू नये. पेंटियम ४ च्या काळातील मेजसंगणक काम थोडे करतो आणि वीज फार खातो, हेही हिशेबात धरावे. आपली पाच यंत्रे आम्ही शेवटी निरोप देऊन पाठविली, ती याच विचाराने.

आता पुन्हा त्या चौकोनांकडे येतो. मराठी का गाळली गेली? जागा वाचविताना कात्री प्रथम जाते ती माहितीपुस्तिकांवर, मग भाषांतरांवर, मग टंकांवर. डेबियनमध्ये तर नको असलेल्या भाषांच्या फाइली काढून टाकणारे लोकेलपर्ज नावाचे साधनच आहे. यात दुष्टावा नाही. करणाऱ्याच्या घरी त्या भाषा नाहीत, एवढेच. परंतु देवनागरीचे दुखणे टंक जोडून पूर्ण बरे होत नाही. 'कि' लिहिताना संगणकाच्या स्मृतीत 'क' आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते, दाखविताना मात्र वेलांटी डावीकडे न्यावी लागते. 'दुसऱ्या' यातील अर्ध्या 'र'चे रूप, जोडाक्षरे, मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' ही सारी मांडणी करण्यासाठी हार्फबझ किंवा पँगो यांसारखे मांडणीचे ग्रंथालय लागते. जीटीकेच्या ज्या पहिल्या आवृत्तीचा मी उल्लेख केला, तिच्यात पँगो नव्हते. म्हणजे ५० एमबीत राहण्याची एक किंमत अशी, की त्या कार्यक्रमांत देवनागरी धड मांडलीच जाणार नव्हती. ज्याने ती किंमत मोजली त्याला ती मोजतो आहोत याची कल्पनाही बहुधा नसावी.

आमच्या यंत्रांत मांडणीचे ग्रंथालय सुदैवाने होते, टंक नव्हता. लोहित देवनागरी हा मुक्त टंक आम्ही जोडला. त्याचा आकार अर्ध्या एमबीहूनही कमी! एवढ्या चिमूटभर जागेसाठी आपली भाषा पडद्याबाहेर राहिली होती. मग त्या विद्यार्थ्याने शाळेपुरती स्वतंत्र सीडी बांधावयाचे ठरविले आणि मला विचारले, "सर, काय ठेवू आणि काय काढू?" मी मोठ्या अधिकाराने सांगितले, मराठी, हिंदी आणि इंग्रजी ठेव, बाकी काढ.

पुढची गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो. महिनाभराने आठवीतील एक मुलगी माझ्याकडे आली. शिकते आपल्या मराठी शाळेत, घर गुजराती. आजीच्या सांगण्यावरून लिहिलेली पाककृतींची गुजराती फाइल तिने आणली होती, आणि पडद्यावर पुन्हा तेच चौकोन उभे होते. या वेळी कात्री माझ्या हातातील होती. महाराष्ट्राबाहेर तीन पिढ्या मराठी जपणाऱ्या घरात मी वाढलो, आणि अधिकार मिळताच मी शेजारच्या घरची लिपी बिनदिक्कत गाळली. सरांनी माझी वही नक्कीच परत केली असती, कारण 'का' याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. गुजराती, सिंधी-उर्दूची लिपी, तेलुगू, कन्नड यांचे टंक आम्ही परत घेतले. जागा करण्यासाठी दोन खेळ आणि पडद्यामागची शोभेची चित्रे काढली. त्याबद्दल अद्याप कोणी तक्रार केलेली नाही.

यावरून मी एवढाच बोध घेतला आहे. लहान प्रणाली आपोआप लहान राहत नाही. कोणीतरी रोज बसून नकार देत असते, म्हणून ती लहान राहते. तो नकार डोळसपणे देण्यासाठी निवडीच्या ठिकाणी आपल्यापैकी कोणीतरी असावे लागते. ही वितरणे मुक्त आहेत. त्यांचे मूळ लेखन पाहता येते, चूक कळविता येते, टंक जोडून नवी सीडी बांधता येते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत संगणकक्षेत्रातील मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी वर्षातून एकदा, अशा एखाद्या लहान वितरणाची नवी आवृत्ती निघाली की ती जुन्या यंत्रावर चालवून 'दुसऱ्या' हा एक शब्द लिहून पाहावा, आणि तो नीट उमटला नाही तर कर्त्यांना नम्रपणे कळवावे. सरांच्या स्मृतीस ही गुरुदक्षिणा मला शोभणारी वाटते.

अकरा यंत्रे आज चालत आहेत. मुले त्यांवर हस्तलिखित लिहितात, शब्दार्थ पाहतात. ती आणखी किती वर्षे चालतील हे यंत्रांच्या आयुर्मानावर आणि ३२-बिटच्या भवितव्यावर अवलंबून आहे. तोवर त्यांच्यापुढे बसणाऱ्या प्रत्येक मुलाला आपली लिपी दिसावी, इतकी काळजी आपण घेऊ शकतो.